घरी रॉकेट बनवण्याचा छंद: दारू न कुटता कोठपर्यंत जाता येते?

कृष्णाकाठ (सांगली), धागालेखक

दिवाळी तोंडावर आली की या विभागात ठरावीक प्रश्न येऊ लागतात. बाणाची नळी कशाने ठासावी, अनाराच्या मसाल्याचे प्रमाण काय, सुतळी बाँब घरी करता येईल का. उत्तरेही ठरलेली असतात. कोणी ‘असले उद्योग करू नका’ एवढेच लिहून मोकळे होतात, तर कोणी खासगी निरोपातून अर्धीमुर्धी कृती पाठवून देतात, आणि हा दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा कितीतरी घातक आहे. विचारणाऱ्या मुलांचे कुतूहल मात्र खोटे नसते. आपण बनवलेली वस्तू आपल्या हिशेबाप्रमाणे आकाशात सरळ जाते की नाही, हे पाहण्याची ओढ ज्याला लागली त्याचे दुकानातला बाण पेटवून समाधान होणार नाही, हे मला पूर्ण मान्य आहे.

माझे म्हणणे असे, की रॉकेटमध्ये शिकण्यासारखे जे आहे त्यातले बहुतेक सारे दारूच्या बाहेर आहे. वजनाचा तोल, पंखांचा आकार, दाब, सोडण्याची यंत्रणा, उंचीचे मोजमाप आणि वर गेलेली वस्तू सुखरूप खाली आणणे, हे सगळे पाण्याच्या रॉकेटवर, म्हणजे पंपाने भरलेल्या हवेच्या दाबाने आतले पाणी मागे फेकून उडणाऱ्या बाटलीवर, शिकता येते. म्हणून हा धागा त्यासाठीच ठेवावा. दारूची कृती येथे कोणी विचारू नये आणि कोणी सांगू नये.

सुरुवात बाटलीपासून करू. फसफसणाऱ्या शीतपेयाची दोन लिटरची बाटलीच घ्यावी, कारण ती मुळातच आतला वायूचा दाब सोसण्यासाठी घडवलेली असते. पिण्याच्या पाण्याची बाटली दिसायला तशीच असली तरी तिची भिंत पातळ असते आणि ती दाबासाठी केलेलीच नसते, त्यामुळे ती या कामाला वर्ज्य समजावी. बाटलीत साधारण एक तृतीयांश पाणी आणि उरलेल्या जागेत हवा, हे प्रमाण बहुतेक वेळा चांगले ठरते. पाणी फार कमी घेतले तर मागे फेकायला वस्तुमानच उरत नाही. फार जास्त घेतले तर हवेला जागा कमी पडते आणि रॉकेट स्वतःच्या ओझ्यानेच रेंगाळते.

सोडण्याच्या यंत्रणेसाठी २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा बसवावा. तो बाटलीच्या तोंडात किंचित सैल जातो आणि रबरी ओ-रिंग चढवली की घट्ट बसतो. पाइपाचे वरचे टोक पाण्याच्या पातळीच्या वर राहील एवढी त्याची लांबी ठेवावी. खाली, बाटलीच्या मानेवर जी कडा असते तिच्यावर अडकतील अशा बेताने पाइपाभोवती केबल टाय बांधावेत, त्यांची डोकी आतल्या बाजूला ठेवावीत आणि त्यांच्यावरून मोठ्या पाइपाचा एक सरकता तुकडा चढवावा. दोरी ओढली की तो तुकडा खाली सरकतो, टायची डोकी बाहेर फाकतात आणि बाटली सुटते. हवा भरण्यासाठी पंक्चरच्या दुकानात मिळणारा ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह पाइपाच्या खालच्या टोकाला बसवता येतो. पंप मात्र काटा असलेलाच हवा; अंदाजाने हवा भरणे हा या छंदातला सर्वांत मोठा मूर्खपणा आहे.

दाब ६० पौंडांच्या पुढे नेऊ नये. नवी बाटली वापरण्याआधी ती काठोकाठ पाण्याने भरून ८० पौंडांपर्यंत तपासावी. पाणी दाबले जात नसल्यामुळे त्या वेळी बाटली फाटली तरी अंगावर शिंतोड्यांपलीकडे काही येत नाही. हवेने भरलेली बाटली फाटली तर तिचे तुकडे लांब उडतात. ज्या बाटलीवर ओरखडा, पांढरट चुणी किंवा उन्हात राहिल्याच्या खुणा असतील ती सरळ भंगारात टाकावी. पंख चिकटवण्यासाठी गरम गोंदाची बंदूक वापरू नये, कारण तिच्या उष्णतेने प्लास्टिक आक्रसते आणि बाटली नेमकी तेथेच कमजोर होते. दुतर्फी टेप पुरते. दोरी निदान पाच-सहा मीटर लांब असावी, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि दाब भरल्यानंतर कोणत्याही कारणाने बाटलीवर वाकून पाहू नये.

नवशिका_विटा

माहिती उपयुक्त आहे, त्याबद्दल आभार. पण स्पष्ट लिहितो, रागावू नये. बाटलीत पाणी भरून उडवणे हा सातवी-आठवीच्या विज्ञान प्रदर्शनातला प्रकार वाटतो. मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेत मुले खऱ्या इंधनाची रॉकेटे उडवतात, आणि आपल्याच जिल्ह्यात कवठे एकंदला दसऱ्यासाठी गावकरी स्वतः दारूकाम करतात. मग आपण काळजीपूर्वक थोडेसे केले तर नेमके काय बिघडते, हे कोणीतरी कारणासह सांगावे.

एकंदचा_भाचा (तासगाव)

आपण आमच्या गावाचे नाव घेतले म्हणून लिहितो. माझे आजोळ कवठे एकंद. दसऱ्याच्या रात्री श्री सिद्धराज महाराजांच्या पालखीपुढे जी आतषबाजी होते ती पाहण्यासाठी सांगली-सातारा-कोल्हापूरकडून माणसे येतात. औट, शिंगटे आणि झाडकाम असे दारूकामाचे सारे प्रकार तेथे असतात, आणि रात्र सरून पहाट झाली तरी ते चालूच असते. शिंगट हातात धरून उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून ठिणग्यांचा जो पाऊस पडतो, तो लांबून पाहणाऱ्याला धाडस वाटतो. जवळच्याला मात्र त्यामागची शिस्त दिसते. माझ्या मामांच्या मंडळात नव्या पोराला आधी कागद कापायला, खळ लावायला आणि झाडाच्या काठ्या बांधायला बसवतात. मसाल्याजवळ त्याला उभेही करत नाहीत. जेथे काम चालते तेथे खिशातला मोबाइलसुद्धा बाहेर ठेवावा लागतो, कपडे सुतीच लागतात, आणि चारपेक्षा जास्त माणसे एका जागी दिसली तर मामा ओरडतात. हे ज्ञान एखाद्या चित्रफितीतून येत नाही. ते माणसाच्या शेजारी बसून, त्याची बोलणी खाऊन येते.

आणि एवढे असूनही काय घडते, तेही लिहिणे भाग आहे. मे २०१५ मध्ये गावाजवळच्या फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि कामगारांचे प्राण गेले. तेथे रोज तेच काम करणारी माणसे होती, हौशी नव्हती. तेव्हा ‘थोडेसे, काळजीपूर्वक’ या शब्दांवर माझा तरी विश्वास नाही.

मात्र धागालेखकांशीही माझे थोडे भांडण आहे. पाण्याच्या रॉकेटला औटाची सर येत नाही, हे त्यांनी लिहायला हवे होते. ती झळ, तो उजेड आणि बारूदीचा वास बाटलीतून मिळणार नाही. ज्याला तेच हवे आहे त्याने दसऱ्याला गावात यावे, पाहावे, आणि करायचेच असेल तर एखाद्या मंडळात कागद कापण्यापासून सुरुवात करावी.

कृष्णाकाठ (सांगली), धागालेखक

भाचेसाहेब, भांडण मान्य. उजेड हवा असेल तर पाणी कामाचे नाही, हे खरेच.

नवशिका यांच्या अमेरिकेच्या मुद्द्याचे उत्तर देतो, कारण तेथे एक गोष्ट नेहमी सांगायची राहून जाते. १९५० च्या दशकात, विशेषतः १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक वर गेल्यानंतर, अमेरिकेतली पोरे तळघरात आणि गॅरेजमध्ये लोखंडी नळ्यांत मिश्रणे ठासू लागली आणि हात-डोळे गमावू लागली. त्याआधीच नेब्रास्कातील नॉरफोक या गावी चपला-बुटांचे दुकान चालवणाऱ्या ऑरव्हिल कार्लाइल यांनी आपल्या भावासह कागदी अंगाचे छोटे रॉकेट आणि त्यासाठी बदलता येणारी तयार मोटार, म्हणजे इंधन भरून बंद केलेली नळी, बनवली होती. जी. हॅरी स्टाइन हे त्या वेळी क्षेपणास्त्रांच्या चाचणीतळावर काम करत. त्यांनी या मोटारीचे महत्त्व ओळखले आणि १९५७ मध्ये या छंदाची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुढे व्हर्न एस्टिस यांनी अशा मोटारी भराभर आणि एकसारख्या बनवणारे यंत्रच तयार केले. त्या छंदाचा पहिला नियम असा, की इंधन स्वतः मिसळायचे नाही. कारखान्यात तपासून बंद केलेली मोटार विकत घ्यायची, ती एकदा वापरायची आणि फेकून द्यायची. म्हणजे आपण ज्यांचे उदाहरण देता, त्या मुलांनी नेमके तेच सोडून दिले म्हणून त्यांचा छंद टिकला. पुढे मोठ्या रॉकेटांसाठी स्वतः इंधन घडवणाऱ्यांचीही तेथे वेगळी शाखा झाली, पण ती प्रमाणपत्रे, अंतरे आणि देखरेख यांच्या चौकटीत बांधलेली आहे.

त्या मोटारींना अक्षरांनी प्रत दिलेली असते आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला एकूण धक्का दुप्पट होतो. ए प्रतीत तो २.५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी प्रतीत ५ पर्यंत, सी प्रतीत १० पर्यंत. आकडा ठाऊक असल्यामुळे मुलांना उड्डाणाआधीच उंचीचा हिशेब मांडता येतो. घरच्या नळीत नेमके हेच होत नाही. दाबलेल्या मसाल्यात केसाएवढी भेग असली तरी जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो; पृष्ठभाग वाढला की वायू जास्त निघतो, दाब चढतो, दाबामुळे जळण्याचा वेग आणखी वाढतो, आणि क्षणार्धात रॉकेटचा बाँब होतो. ही भेग बाहेरून दिसत नाही. काळजी घेतल्याने ती टळत नाही, कारण ती आहे हेच कळत नाही. आपण अभियांत्रिकीला आहात. ज्या प्रयोगात एकही राशी मोजता येत नाही त्याला प्रयोग म्हणावे का, याचा विचार करावा.

वकिली_मिरज

कायद्याची बाजू थोडक्यात मांडते. फटाके हे १८८४ च्या स्फोटके अधिनियमाखाली आणि २००८ च्या स्फोटके नियमांखाली येतात, आणि त्यांचे उत्पादन परवान्याशिवाय करता येत नाही. ‘विक्रीसाठी नाही, घरच्यासाठी आहे’ हा बचाव होत नाही, कारण गुन्हा उत्पादनाचा असतो. एका वेळी १५ किलोपर्यंतच्या शोभेच्या दारूच्या उत्पादनाचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात; त्यापुढचा विषय नागपूरला मुख्यालय असलेल्या केंद्रीय पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडे, म्हणजे पेसोकडे जातो. विनापरवाना उत्पादनाला तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, आणि जीवित धोक्यात आले तर १९०८ चा स्फोटक पदार्थ अधिनियम याहून कडक आहे.

काही गोष्टी परवानाधारकालाही निषिद्ध आहेत. क्लोरेट आणि गंधक यांचे एकत्र मिश्रण नुसत्या घर्षणानेही पेट घेते, म्हणून फटाक्यांत त्याच्यावर १९९२ पासून बंदी आहे. जुन्या पुस्तकांत आणि परदेशी चित्रफितींत असली मिश्रणे सर्रास आढळतात, त्यामुळे ‘छापलेले आहे म्हणजे चालत असेल’ असे समजू नये. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये बेरियमच्या क्षारांना आणि लडींना मनाई केली व दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ घातली. हरित फटाक्यांची सूत्रे नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. पाणी आणि पंपाने भरलेली हवा यांना परवाना लागत नाही. तरी कोणाच्या डोळ्याला इजा झाली तर निष्काळजीपणाची जबाबदारी आपलीच राहील.

बखरीतले_पान (सातारा)

विषयाला धरून एक जुनी गोष्ट, मग मी बाजूला होतो. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील आतषबाजीच्या इतिहासावर संशोधन केले आहे. त्यात पेशवाईच्या बखरीतला एक प्रसंग येतो. महादजी शिंदे यांनी सवाई माधवरावांना राजस्थानातील कोटा शहराच्या दिवाळीचे वर्णन ऐकवले. तेथे शहराबाहेर दारूची लंका उभारत आणि मारुतीकडून ती पेटवत. पेशव्यांनी तसाच देखावा पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी करवून घेतला. म्हणजे खुद्द पेशव्यांनाही दारूकाम गावाबाहेर, मोकळ्या जागीच हवे होते. वाड्याच्या माडीवर कोणी खल घेऊन बसले नव्हते. (वकीलताईंच्या नियमावलीची तेव्हा गरज पडली नसावी.)

गणिताच्या_बाई (कराड)

नवशिका यांनी पाण्याच्या रॉकेटला प्रदर्शनातला प्रकार म्हटले आहे. केपटाऊन विद्यापीठाच्या चमूने २०१५ मध्ये पाणी आणि दाबलेल्या हवेवर ८३० मीटर उंची गाठली होती. त्यासाठी कार्बन तंतूंची नळी आणि फार मोठा दाब लागला, तो आपल्या बाटलीचा विषय नव्हे. तरी तत्त्व तेच आहे. आपण किती उंच गेलो हे सांगता येत नसेल तर उंचीबद्दल बोलण्यात अर्थ नाही, म्हणून मोजमापाकडे वळते.

माझ्या शाळेत आम्ही कोनमापक, त्याला चिकटवलेली नळी, दोरा आणि ओळंब्यासाठी एक नट एवढ्यावर काम भागवतो. सोडण्याच्या जागेपासून ५० मीटर टेपने मोजून तेथे निरीक्षक उभा करावा. रॉकेट सर्वांत उंच असेल त्या क्षणी त्याने नळीतून ते न्याहाळावे आणि दोरा बोटाने कोनमापकावर दाबून धरावा. आडव्या रेषेपासूनचा कोन ४० अंश आला तर त्याची टॅन किंमत ०.८३९, तिला ५० ने गुणले की सुमारे ४२ मीटर, आणि त्यात निरीक्षकाच्या डोळ्यांची उंची मिळवावी. रॉकेट वाऱ्याने निरीक्षकाकडे वाहत आले तर कोन फुगतो व उंची जास्त दिसते; दूर गेले तर उलट. म्हणून दुसरा निरीक्षक समोरच्या बाजूला तितक्याच अंतरावर ठेवावा आणि दोघांचे आकडे ताडून पाहावेत. मुलांना त्रिकोणमिती कशासाठी शिकायची हे एरवी सांगून पटत नाही. येथे ती स्वतःच कोष्टक मागायला येतात.

दुसरी रीत मोबाइलची. हवाई छत्री नसलेल्या उड्डाणाचे चित्रण करावे, सुटल्यापासून जमिनीवर पडेपर्यंतचे सेकंद मोजावेत, त्यांचा वर्ग करावा आणि १.२३ ने गुणावे. सहा सेकंद आले तर सुमारे ४४ मीटर. हे सूत्र हवेचा रोध गृहीत धरत नाही, त्यामुळे हलक्या बाटलीला ते काटेकोर लागू पडत नाही; पण दोन्ही रीतींची उत्तरे जवळपास आली तर आपले मोजमाप फार चुकलेले नाही असे समजायला हरकत नाही. नोंदवहीत दाब, पाणी, रिकाम्या रॉकेटचे वजन, वारा आणि उंची असे रकाने आखावेत आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दाब तोच ठेवून पाणी दर खेपेला १०० मिलिलिटरने वाढवत गेल्यास उंचीचा आलेख आधी चढतो आणि मग उतरतो. तो माथा नेमका कोठे येतो हे आपल्या रॉकेटच्या वजनावर अवलंबून असते आणि ते पुस्तकात छापलेले मिळत नाही.

खोडवा_वाळवा

जागेबद्दल दोन शब्द. आमच्याकडे साखर कारखान्याचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. तोडलेल्या फडात पाचट वाळून पसरलेले असते आणि शेजारी दुसऱ्याचा उभा ऊस असतो. तेथे दुकानातला बाण सोडणेसुद्धा मला धोक्याचे वाटते. एक ठिणगी पडली की फड पेटायला वेळ लागत नाही, आणि मग भाऊबंदकी कोर्टापर्यंत जाते. बाटली मात्र उसात पडली तर पाण्याशिवाय काही सांडत नाही. तिला शोधायला पानांनी अंग कापून घ्यावे लागते, तेवढेच. त्यामुळे रिकामे, नांगरून सपाट केलेले रान निवडावे, विजेच्या तारांपासून आणि द्राक्षबागेच्या मांडवापासून लांब, आणि शक्यतो सकाळी, कारण दुपारी वारा उठतो. ठिबकचे साहित्य शेतकऱ्याच्या घरात पडूनच असते. पाइपात भोक पाडून जोड घट्ट बसवायचा असेल तर लॅटरलचे, म्हणजे ठिबकच्या बारीक नळीचे, रबरी ग्रोमेट (भोकात बसणारे कडे) कामी येईल, मात्र ते ठिबकच्या कमी दाबासाठी केलेले असते, ६० पौंडांना ते टिकेलच असे धरून चालू नये. वॉल्व्हच वापरावा.

नवशिका_विटा

सर्वांचे आभार. मोटारीतल्या भेगेचा मुद्दा मला कोणी असा समजावला नव्हता. वाद थांबवून कामाचे विचारतो. धागालेखकांच्या वर्णनाप्रमाणे यंत्रणा तयार केली. ५० पौंडांवर सोडले की रॉकेट सुरुवातीला सरळ जाते, पाणी संपताच मात्र हवेत कोलांट्या खाऊ लागते आणि आडवेच खाली येते. पुठ्ठ्याचे तीन पंख बाटलीच्या मध्यावर लावले आहेत. पंख मोठे करावेत का?

कृष्णाकाठ (सांगली), धागालेखक

पंख मोठे करण्याआधी ते मागे न्या. पाणी आत असताना आणि पाणी संपल्यावर तोल निराळा असतो, त्यामुळे तपासणी रिकाम्या बाटलीवरच करायची. रॉकेट आडवे धरून एका बोटावर तोलावे. जेथे ते समतोल राहते तो वजनाचा मध्य. हवेचा जोर सरासरीने ज्या बिंदूवर पडतो तो बिंदू या मध्याच्या मागे, म्हणजे तोंडाच्या दिशेला, निदान बाटलीच्या एका व्यासाएवढा असायला हवा. तो अंदाजे काढण्यासाठी रॉकेटची बाजूने दिसणारी आकृती पंखांसह पुठ्ठ्यावर कापून घ्या आणि तो पुठ्ठा तोलून पाहा. आपले पंख मध्यावर असल्यामुळे दोन्ही बिंदू जवळजवळ एकाच जागी येत असणार, आणि मग वाऱ्याची झुळूकही रॉकेटला फिरवू शकते.

पंख बाटलीच्या तोंडाकडच्या टोकाशी न्यावेत, पण टायच्या सरकत्या तुकड्याला ते आडवे येणार नाहीत असे पाहावे. पुठ्ठा पाण्याने भिजून लुळा पडतो, म्हणून फ्लेक्सच्या फलकासाठी वापरतात तो पोकळ प्लास्टिकचा पत्रा घ्यावा. पुढच्या टोकाला, म्हणजे बाटलीच्या तळाकडे, दुसऱ्या बाटलीचा कापलेला वरचा भाग टोपीसारखा बसवून त्यात मुलांची खेळायची माती ५० ग्रॅमपासून सुरू करून थोडी थोडी वाढवावी. दगड, नट किंवा खिळे टोकात घालू नयेत. ४० मीटरवरून खाली येणारे टोक मऊच असले पाहिजे. नंतर वजनाच्या मध्याला दोरी बांधून रॉकेट डोक्याभोवती गोल फिरवून पाहावे. टोक पुढे ठेवून ते फिरले तर मैदानात न्यावे, आडवे किंवा उलटे फिरले तर माती आणखी घालावी.

हवाई छत्रीचे काम रॉकेट सरळ जाऊ लागल्यावर हाती घ्या. काळ्या कचऱ्याच्या पिशवीचा अष्टकोन आणि आठ दोरे एवढे पुरते. खरी अडचण छत्री योग्य क्षणी बाहेर पडण्याची आहे, आणि त्यासाठी सैल टोपी पुरते की चावीच्या खेळण्यातला वेळ मोजणारा भाग बसवावा लागतो, हे आपले रॉकेट किती सरळ जाते त्यावर ठरेल. दुरुस्तीनंतरचे आकडे बाईंनी सांगितलेल्या रकान्यांत येथे टाका, म्हणजे पुढचे बोलता येईल.